दिवा आणि हाक

काही प्रश्न विचारताना आपल्याला वाटते की, आपण केवळ विचारतो आहोत. खरे पाहता आपण तेव्हा निकाल देत असतो. शाळेत चौतीस वर्षे मुलांना प्रश्न विचारण्यात घालवूनही ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. जिने ती मला शिकवली ती बाई केनियातल्या एका खेड्यात राहते, आणि आपण कुणाला काही शिकवले याची तिला कल्पनाही नसेल.

२०१४ साली मी मुलीकडे नैरोबीला गेले होते. तिच्या कचेरीतली एक मैत्रीण सुट्टीला आपल्या गावी निघाली, आणि तिने आम्हा दोघींनाही बरोबर घेतले. गाव सियाया जिल्ह्यातले. व्हिक्टोरिया सरोवराच्या ईशान्येला पसरलेला हा लुओ लोकांचा मुलूख. तिथे तिच्या मावशीकडे आम्ही दोन रात्री राहिलो. घर मातीचे, वर पत्रा, भोवती मका, दारात कोंबड्या. मावशीला तिच्या नावाने कोणी हाक मारीत नसे. आपल्याकडे ‘बंडूची आई’ म्हणतात ना, तसे थोरल्या मुलाचे नाव लावून सारे तिला ‘अमक्याची आई’ म्हणत. तो मुलगा नैरोबीत पहारेकऱ्याची नोकरी करीत होता.

विषुववृत्त तिथून अगदी जवळून जाते. तिन्हीसांजेची जी रेंगाळणारी वेळ आपल्या ओळखीची आहे ती तिथे नाही. वर्षाचे बाराही महिने सातच्या आत सूर्य बुडतो, आणि पाठोपाठ अंधार दाटतो. त्या दिवशीही तसाच दाटला. मावशीने पत्र्याच्या डब्यात वात बसवलेला रॉकेलचा दिवा लावला. त्याला तिकडे ‘कोरोबोई’ म्हणतात. तीच वात, तोच धूर, वरच्या पत्र्यावर तीच काजळी. मी मनात म्हटले, अगबाई, ही तर आपली चिमणी!

एवढ्यात तिचा नातू बाजारातून धावत आला. त्याच्या हातात मावशीचा मोबाइल फोन होता. फोन सकाळपासून बाजारातल्या एका दुकानात वीज भरायला ठेवला होता. ते दुकान मी सकाळीच पाहिले होते. फळीवर चाळीसएक फोन ओळीने पहुडलेले, आणि प्रत्येकाला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधलेली. एका वेळचे वीस शिलिंग. घरापासून दोनशे पावलांवर विजेचा खांब उभा होता. तार बाजारावरून निघून माध्यमिक शाळेकडे जात होती. मावशीच्या मक्यावर तिची सावली पडे, पण घरात मात्र ती आली नव्हती.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मैत्रिणीला मी म्हटले, “तुझ्या मावशीला विचार, फोनवर एवढा पैसा घालवण्यापेक्षा आधी घरात दिवा नको का आणायला?”

मावशी हसली नाही की रागावलीही नाही. तिने जे सांगितले ते मैत्रिणीने मला असे समजावले: “घर मला पाठ आहे. काळोखातही मी कुठे ठेचकाळत नाही. पण मुलगा नैरोबीत कसा आहे, जेवला की नाही, त्याचा ताप उतरला की नाही, हे मला पाठ नाही.”

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

मावशीचे घर काही जगावेगळे नव्हते. १९८५ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नेमलेल्या एका मंडळाने जगापुढे अहवाल मांडला. तेव्हा एकट्या टोकियो शहरात जितके टेलिफोन होते, तितके सबंध आफ्रिका खंडात नव्हते. पुढच्या तीस वर्षांत सारे चित्र पालटले. २०१४-१५ मध्ये ‘आफ्रोबॅरोमीटर’ या संस्थेने ३५ देशांत पाहणी केली, तेव्हा शंभरांतल्या नव्वदांहून अधिक वस्त्यांत मोबाइलची सेवा पोचली होती. विजेचे जाळे मात्र सुमारे दोन-तृतीयांश वस्त्यांतच होते. आणि जिथे जाळे होते तिथेही दर घरी जोडणी होतीच असे नाही. दिव्याच्या आधी हाक येऊन पोचली होती.

असे आकडे वाचले की सुखवस्तू माणसाच्या तोंडून एक ठरावीक उद्गार निघतो: “पाहा, घरात दिवा नाही, आणि हातात फोन!” हा उद्गार आपल्याला नवा नाही. २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने जाहीर केले की, भारतात धड शौचकूप वापरणाऱ्या माणसांपेक्षा मोबाइल फोनच अधिक आहेत. तेव्हा परदेशी पत्रांनी तो आकडा चवीचवीने छापला. मला तो वाचून राग आला होता. आमच्या घरचे काय आधी आणि काय नंतर हे ठरवणारे तुम्ही कोण, असे मनात आले होते. आणि चारच वर्षांनी मी एका परक्या बाईच्या घरात तिच्याच दिव्याच्या उजेडात बसून तिला तेच ऐकवले! आपल्याला टोचलेला काटा आपण किती सहजपणे दुसऱ्याच्या वाटेवर टाकतो!

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे आपण म्हणतो, आणि म्हण खोटी नाही. पण गरजांची ही उतरंड आपण बहुधा दुसऱ्यासाठी रचतो. स्वतःच्या घरात ती पाळतो का? कोकणातल्या आमच्या आजोळी मी लहान असताना वीज नव्हती. माझा मामा मुंबईला गिरणीत होता. घर त्याच्या मनिऑर्डरीवर चाले. रॉकेल जपून वापरायचे म्हणून आजी जेवणे अंधार पडण्यापूर्वी उरकून घेई आणि चिमणी मालवून टाकी. पण मामाचे पत्र आले की त्या रात्री चिमणी उशिरापर्यंत जळे. आजीला अक्षर येत नव्हते. ती मला पत्र तीन-तीनदा वाचायला लावी, आणि मनिऑर्डरीच्या तळाशी मामाने खरडलेल्या दोन ओळी तर कितीदा तरी. आजीने रॉकेल वाचवले होते ते दिवा लावण्यासाठी नव्हे. मुलाचे शब्द ऐकण्यासाठी. तिला जर कोणी विचारले असते की, म्हातारे, आधी दिवा की आधी पत्र, तर ती त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहिली असती.

आणि मावशीचा फोन ही नुसती गप्पांची हौस नव्हती. केनियात मार्च २००७ मध्ये फोनवरून पैसे पाठवण्याची सोय सुरू झाली. तिचे नाव ‘एम-पेसा’. स्वाहिलीतला हा ‘पेसा’ म्हणजे आपलाच पैसा बरे! १९२० पर्यंत त्या मुलखात आपला रुपया चालत होता. तो गेला, पण शब्द तिथेच राहिला. मावशीच्या मुलाने नैरोबीत पैसे भरले की इकडे संदेश येई, आणि बाजारातल्या टपरीवर तिला रोख रक्कम मिळे. मनिऑर्डरच ती, फक्त पोस्टमनची वाट पाहायला नको. अर्थशास्त्रज्ञ तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६ साली असा हिशेब मांडला की, या सोयीमुळे केनियातली सुमारे १,९४,००० कुटुंबे आत्यंतिक दारिद्र्यातून वर आली.

पैसे नसले तरी बोलणे अडत नसे. एकदा घंटी वाजवून ठेवून द्यायचे. याला पूर्व आफ्रिकेत कुठे ‘फ्लॅश’ म्हणतात, कुठे ‘बीप’. आपल्या मिस्ड कॉलचेच हे भावंड. मावशी आणि तिचा मुलगा यांची भाषा ठरलेली होती. एक घंटी म्हणजे ‘तू फोन कर’, दोन म्हणजे ‘पैसे मिळाले’. दमडीही खर्च न करता चारशे किलोमीटरांवर हाक जाई. आणि गंमत अशी की, त्या फोनच्या टोकाला एक इवलासा दिवाही होता. २००३ साली एका कंपनीने बारीकसा दिवा बसवलेला स्वस्त फोन बाजारात आणला, आणि तो जगभर पंचवीस कोटींहून अधिक खपला. रात्री गोठ्याकडे जाताना मावशी कोरोबोई नेत नसे, फोनच नेई.

बृहदारण्यकोपनिषदात जनक राजा आणि याज्ञवल्क्य यांचा एक संवाद आहे. माणूस कोणत्या उजेडावर जगतो, असे राजा विचारतो. सूर्याच्या, असे ऋषी सांगतो. सूर्य मावळला तर? चंद्राच्या. तोही मावळला तर? अग्नीच्या. आणि अग्नीही विझला तर? तेव्हा याज्ञवल्क्य वाणीचे नाव घेतो. ज्या काळोखात स्वतःचा हातही दिसत नाही, तिथे माणूस ज्या दिशेने आवाज येतो त्या दिशेने चालू लागतो. राजाचे प्रश्न तिथे थांबत नाहीत. वाणीही थांबली तर, असे विचारून तो ऋषीला आत्म्यापर्यंत नेतो. पण माझे मन मात्र त्या अलीकडच्या पायरीवरच अडकले. दिवा नसलेल्या घरात फोन का येतो, याचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे मिळाले नाही. अग्नी नाही म्हणून वाणी. ती चैन नव्हे. अंधारातली वाट आहे ती.

इथवर आले की लेख संपवावासा वाटतो. गरिबाचा विजय झाला, आपले पूर्वज ते आधीच सांगून गेले, छान झाले. पण नेमकी इथेच दुसरी चूक दबा धरून बसलेली आहे. ती पहिलीपेक्षा गोड, म्हणून अधिक फसवी.

याज्ञवल्क्याचा क्रम नीट पाहा. अग्नी विझला तर वाणी. वाणी आहे म्हणून अग्नी नको, असे तो कुठेही म्हणत नाही. गरिबाच्या शहाणपणाचे कौतुक करता करता आपण मात्र हळूच तसे म्हणू लागतो. मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बाची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. दुष्काळात फी भरता येईना म्हणून त्याची शाळा सुटली. गावच्या वाचनालयातल्या पुस्तकावरून त्याने सायकलीचे भाग आणि भंगार जोडून पवनचक्की उभारली. चार दिवे लागले, आणि गावकरी फोन चार्ज करायला दारात रांग लावू लागले. गोष्ट वाचून माझे डोळे भरून आले. पण नंतर मनात आले की, ज्या पोराची जागा शाळेच्या बाकावर होती त्याला गावाचे वीजमंडळ व्हावे लागले, याचे आपण टाळ्या वाजवून काय करतो? त्याचे कौतुक खरेच. पण ते कौतुक हा कुणाच्या तरी कर्तव्याचा बदली कामगार होता कामा नये.

फोन पोचला आणि दिवा मागे राहिला, याचे कारण माणसांच्या आवडीनिवडीत नाही. फोन एकट्याने घेता येतो. मनोरा एक उभारला की मैलोगणती मुलूख आवाक्यात येतो. तार नसली तर मनोरा डिझेलवर चालतो. आणि बोलण्याचे पैसे दहा-वीस शिलिंगांनी भरता येतात. हाती आले तेवढे घातले, नाहीत तर थांबले. विजेचे तसे नाही. धरणापासून दिव्यापर्यंत खांबामागून खांब उभा राहावा लागतो, आणि मधला एक जरी कुणी उभारला नाही तरी पुढचे सगळे अंधारात. वीज ही समाजाने एकमेकांना दिलेल्या वचनाची वस्तू आहे. ती मोडक्या-तोडक्या पैशांनी एकेकट्याला विकत घेता येत नाही.

केनियात हे वचन कसे अर्ध्यावर थांबले ते मी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे आकडेही वाचले. केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरीन वोल्फ्राम या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच सुमारास बुसिया आणि सियाया जिल्ह्यांतल्या दीडशे वस्त्या तपासल्या. तिथे सरकारने बाजार, शाळा, दवाखाने यांना वीज दिली होती. रोहित्रे उभी होती. तरी शंभर घरांमागे सरासरी पाचच घरांत दिवा होता. ज्यांच्याकडे नव्हता त्यांतल्या निम्म्यांच्या घरापासून तार दोनशे मीटरांच्या आत होती! जोडणीचे शुल्क होते ३५,००० शिलिंग. मावशीच्या घरात एवढी रक्कम एकदम कधी आलीच नव्हती. वीस शिलिंग मात्र आठवड्यातून दोनदा येत. तिने दिव्याऐवजी फोन निवडला नव्हता. तिच्यापुढे दोन ताटे मांडलीच नव्हती. आणि मी तिला विचारीत होते की, दुसरे ताट का नाही घेतलेस!

याहून जुनी वचने तर साफ मोडली गेली. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणासाठी १९५० नंतरच्या दशकात सुमारे ५७,००० टोंगा लोकांना आपली गावे सोडावी लागली. वीज गेली तांब्याच्या खाणींना आणि शहरांना. उठवलेली कित्येक गावे पुढे अनेक दशके अंधारात राहिली. काँगोमध्ये १९८२ साली इंगा धरणापासून कटांगाच्या खाणींपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरांची विजेची तार ओढली. ती एकदिश प्रवाहाची. तिच्यातली वीज दोन्ही टोकांच्या मोठ्या केंद्रांवरच काढता येते, मधल्या गावाला सहजी देता येत नाही. म्हणजे गावोगावच्या डोक्यांवरून वीज वाहत गेली आणि खाली चुलीच्या उजेडात मुले झोपी गेली. दिव्याखाली अंधार असतो हे ऐकले होते. तारेखालचा अंधार हा त्याहून वेगळा. तो कुणीतरी आराखड्यात काढलेला असतो.

त्या खाणींतून काय निघते? तांबे, ज्याच्या तारा जगभर घरोघरी दिवा पोचवतात. आणि कोबाल्ट, जे फोनच्या बॅटरीत वापरतात. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी शंभरात सुमारे सत्तर भाग एकट्या काँगोतून येतो. त्या देशात पाचांपैकी जेमतेम एका माणसाला वीज मिळते. तेव्हा, “घरात दिवा नाही, आणि हातात फोन!” हे वाक्य उलटूनही म्हणता येईल. आपल्या हातात फोन आहे, आणि त्याचा खडा ज्या जमिनीतून आला तिथे दिवा नाही.

म्हणून मला वाटते, प्रश्न ‘आधी काय’ हा नाहीच. आपल्या माणसाची हाक ऐकू येणे ही भाकरीइतकी मूळची गरज आहे, आणि ती भागवणाऱ्याला कुणी उधळा म्हणू नये. हा एक न्याय. आणि हाक पोचली म्हणून दिव्याचे देणे फिटले असेही कुणी म्हणू नये. हा दुसरा. पहिला न्याय पाळायला थोडी नम्रता पुरते. दुसऱ्याला पैसा लागतो, खांब लागतात, पिढ्यान्‌पिढ्यांची चिकाटी लागते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे आजही सुमारे ६० कोटी माणसे विजेवाचून राहतात. जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास बँक यांनी २०२४ साली त्यांतल्या ३० कोटींना २०३० पर्यंत वीज देण्याचा संकल्प सोडला आहे. संकल्प मोठा आहे. तो पुरा झाला तरी उरलेली ३० कोटी माणसे उरतातच.

फोनने स्वतःच थोडासा उजेड आणला, हेही सांगायला हवे. २०१२ पासून केनियात ‘एम-कोपा’सारख्या कंपन्या उन्हावर चालणारे दिवे हप्त्याने देऊ लागल्या. ‘कोपा’ म्हणजे उसने घेणे. रोज चाळीस-पन्नास शिलिंग फोनवरून भरायचे, आणि वर्षा-दीड वर्षाने दिवा आपला. हाकेने दिव्याला बोलावून आणले म्हणायचे! पण हप्ता चुकला की दिवा आपोआप बंद होतो. ज्या दिवशी मजुरी नाही त्या दिवशी उजेड नाही. धंद्याचा नियम म्हणून यात काही वावगे नाही. पण शाळेच्या पोराला गणित सोडवताना उजेड मिळावा की नाही, हे त्याच्या आईच्या आजच्या मजुरीवर ठरावे, इतक्यावर समाधान मानायला माझे मन तयार होत नाही.

२०१५ साली केनिया सरकारने जोडणीचे शुल्क ३५,००० वरून १५,००० शिलिंगांवर आणले, आणि तेही हप्त्याने देण्याची मुभा दिली. पुढच्या सात-आठ वर्षांत देशातल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत या ना त्या रीतीने वीज पोचली. मोडलेले वचन पुन्हा जोडता येते, ते असे.

मावशीच्या घरी तार आली ती २०१८ मध्ये. मुलीच्या मैत्रिणीने मला कळवले. दिवे दोनच: एक चुलीपाशी, एक बाहेर दाराच्या वर. वीज अधूनमधून जाते, म्हणून कोरोबोई फळीवर आहेच. मी विचारले, “पहिल्या दिवशी मावशीने काय केले?” ती म्हणाली, “दिवा लागला तशी तिने नैरोबीला मुलाला घंटी दिली. एक नव्हे, दोन नव्हे, तीन. तीन घंट्यांचा अर्थ त्यांच्यात काही ठरलेलाच नव्हता. पण त्याला समजले.”

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी दारात पणती ठेवताना अलीकडे मला त्या तीन घंट्या आठवतात. पणती ठेवून घरात येते, आणि जो दूर आहे त्याला आधी फोन लावते.